पडद्यावर घडलं तेच लिहा

सोमवार, २ सप्टेंबर

एकदाची आले, आणि चक्क आवडलं! एक ट्रंक, दोन पिशव्या आणि ताईने जबरदस्तीने कोंबलेली इस्त्री, एवढं सगळं घेऊन जिना चढताना वाटलं होतं की पहिल्याच दिवशी कंबर जाणार. पण खोली बघितली आणि शीण गेला. खाली शिंप्याचं दुकान आहे. दिवसभर मशीनची खडखड येते, पण ती मला सोबतीसारखी वाटली. खिडकीतून पोस्टाची मागची भिंत दिसते आणि भिंतीवर बसून अंग चाटणारी एक मांजर. घरमालकीणबाईंनी आल्या आल्या विचारलं की तुम्ही गाता का, कारण आधीची भाडेकरू सकाळी सकाळी रियाज करायची. मी म्हटलं, मी फक्त कुरकुरते. त्या हसल्या. जमेल आमचं.

दुपारी ऑफिसला जाऊन आले. वाहिनीची इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पायऱ्या मोजल्या. छप्पन्न. अकरा वर्षं पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासल्यावर माणूस जे दिसेल ते मोजतो, त्याला इलाज नाही.

काम असं: रोज संध्याकाळी सातला वाहिनीवर प्रश्नमंजूषा लागते. त्या दिवसाचा भाग आमच्याकडे सकाळी दहाला येतो. मी तो बघायचा आणि दुपारी दोनच्या आत त्याचा सारांश लिहून पाठवायचा. कोण खेळलं, काय विचारलं, काय उत्तर आलं, ते बरोबर की चूक. भाग दाखवून झाला की सारांश वेबसाइटवर जातो आणि संग्रहातही राहतो. संपादकबाई बोलायला मोजक्या आहेत. त्यांनी एकच नियम सांगितला, पडद्यावर घडलं तेच लिहा, शहाणपणा नको. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या शहाणपणावर लाल शाई ओढली, आता जरा आराम.

ताईचा फोन आला. छापखाना बंद पडल्यावर ही जाहिरात तिनेच शोधली, अर्जही तिनेच भरला, आता श्रेयही तीच घेणार. म्हणाली, रोजचा प्रश्न मला आधी सांगायचा. मी म्हटलं, नोकरी जाईल. मग ती म्हणाली, नुसतं उत्तर सांग, प्रश्न मी ओळखते. अशी आहे ती. टीव्हीसमोर बसून सूत्रसंचालकाच्या आधी उत्तर ओरडते आणि आई तिला गप्प बस म्हणते.

मंगळवार, ३ सप्टेंबर

पहिला सारांश गेला. आठशे शब्द, एकही दुरुस्ती नाही. संपादकबाईंनी मान हलवली, ती होकाराची होती असं धरून चालते.

कार्यक्रम साधाच आहे. तीन खुर्च्या, तीन घंटा. सूत्रसंचालक राखाडी कोटातला, आवाज असा की गणिताचा पेपरसुद्धा गोड वाटावा. जिंकणारा दुसऱ्या दिवशी टिकतो, बाकीच्या दोन खुर्च्यांवर नवे येतात. आज एक नर्स जिंकली. ठेंगणी, हसरी, अंगात पिवळा स्वेटर. उत्तर येत असलं की घंटा वाजवायच्या आधीच हसू फुटतं तिला. प्रतिस्पर्ध्यांना तेवढ्यावरूनच कळतं की गेली संधी. मी तिच्या बाजूने आहे हे सारांशात दिसणार नाही याची काळजी घ्यावी लागली.

गुरुवार, ५ सप्टेंबर

नर्स तिसऱ्यांदा जिंकली. संध्याकाळी घरमालकीणबाईंच्या खोलीत बसून त्यांच्याबरोबर पुन्हा बघितलं. मला निकाल माहीत, त्यांना नाही, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली. त्या दर प्रश्नाला माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. नर्स जिंकल्यावर त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की खालून शिंप्याने काय झालं म्हणून विचारलं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर संकलक बसतात, सगळे त्यांना कात्रीवाले म्हणतात. जाहिरातींसाठी भागाचे तुकडे पाडायचं काम त्यांचं. आज त्यांच्या जुळ्या मुली शाळा लवकर सुटली म्हणून ऑफिसात आल्या होत्या. सात वर्षांच्या. एकीचा पुढचा दात पडलेला, दुसरीचा पडायचा बाकी, आणि त्यावरून भांडण. दात पडलेलीने माझ्या टेबलावरच्या सगळ्या टाचण्या रंगानुसार लावून दिल्या. दुसरीने त्या विस्कटल्या. कात्रीवाले म्हणाले, घरी हेच चालतं, एक आवरते, एक पसरते, आणि मी मधे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

प्रश्न होता, मधमाशीला डोळे किती. एका गायनशिक्षकाने सांगितलं, चार. सूत्रसंचालक म्हणाला, अगदी बरोबर. मी भाग थांबवला. पाच. दोन मोठे, तीन बारीक. पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते चित्र माझ्या हातून गेलं आहे, तीन बारीक डोळ्यांपैकी एक छपाईत उडाला होता म्हणून मी सोळा पानांचा अख्खा फर्मा अडवला होता. त्यावरून छापखान्याच्या मालकाशी वाजलंही होतं.

संपादकबाईंना सांगितलं. त्यांनी वर न बघता तोच नियम पुन्हा ऐकवला. मग मी पडद्यावर घडलं तेच लिहिलं. उत्तर चार, बरोबर. पाऊण वाजता पाठवलं.

जेवायच्या सुट्टीत राहवेना, म्हणून कपाटातला विश्वकोश काढला. मधमाशी, डोळे चार. दोन मोठे, दोन बारीक. संध्याकाळी खोलीवर येऊन ट्रंकेतून पाचवीचं पुस्तक काढलं. माझ्याच पुस्तकात चार. चित्रात चार.

ताईला फोन केला. तिला ते छापखान्याचं भांडण आठवत होतं, पण ती म्हणाली, चारच्या जागी तीन छापले होते म्हणून अडवलंस ना तू?

मी इथे लिहून ठेवते. पाच.

सोमवार, ९ सप्टेंबर

दोन दिवस स्वतःला समजावण्यात गेले. अकरा वर्षांत लाखो आकडे डोळ्यांखालून गेले, एखादा डोक्यात उलटासुलटा बसणारच.

पण आज ‘आसपास’ नावाची नवी फेरी आली. प्रश्न: वाहिनीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या किती? हे कोण विचारतं? आणि कोणाला माहीत असणार? कोपऱ्यातल्या खुर्चीतला माणूस म्हणाला, त्रेपन्न. बरोबर. टाळ्या.

मला हसू आलं. म्हटलं, आता सापडलात. कात्रीवाल्यांना विचारलं की हे प्रश्न काढतं कोण. त्यांना ठाऊक नाही. फाईल वरून तयार येते, वर म्हणजे कुठून हे त्यांनी नऊ वर्षांत विचारलेलं नाही. सारांश लिहिला, पाठवला, दीड वाजला होता. पाचला निघाले आणि मोजत उतरले. पन्नास. एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न. चोपन्नाव्या पायरीसाठी पाऊल पुढे टाकलं आणि खाली सपाट फरशी लागली. तोल गेला, घोटा मुरगळला. रखवालदार धावत आला. सवयीच्या जिन्यावर कसं पडलात, म्हणाला.

वहीचं दुसऱ्या तारखेचं पान उघडलं. छप्पन्न. माझ्याच अक्षरात.

बाहेर सगळं बदलतं. या वहीत बदलत नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

घोटा सुजलाय, तरी गेले.

आजचा ‘आसपास’चा प्रश्न: या कार्यक्रमाच्या संकलकाला मुली किती?

कात्रीवाले माझ्यापासून दोन हातांवर बसून सफरचंद कापत होते. मी कानावरचे हेडफोन घट्ट दाबून धरले, जणू त्यांना ऐकू जाईल. एका विमा एजंटाने सांगितलं, एक. सूत्रसंचालक म्हणाला, बरोबर, एक.

मी पाऊण तास बोटं टेबलावर ठेवून बसले. लिहू नये असं वाटत होतं. मग स्वतःचीच लाज वाटली. शिकलेली बाई आहे मी. पायऱ्या मोजताना चुकले असेन. वहीत चूक लिहिली असेन. पडद्यावर कोणी काही म्हणालं म्हणून कोणाचं मूल जातं का?

दोनला पाच मिनिटं असताना पाठवलं.

लगेच मान वळवून बघितलं. कात्रीवाले सफरचंद खात होते. काही झालेलं नव्हतं. जीव भांड्यात पडला.

बुधवार, ११ सप्टेंबर

कात्रीवाल्यांच्या टेबलावरचा फोटो. काल नीट बघितलाच नव्हता मी. बागेतल्या बाकावर एक मुलगी बसली आहे. बाकाच्या एका टोकाला. बाकीचं बाक रिकामं. पुढचा दात अजून पडलेला नाही.

मी विचारलं, दुसरी कशी आहे. ते म्हणाले, दुसरी कोण? मी म्हटलं, जुळ्यातली. ते हसले. म्हणाले, एकीनेच आमचे केस पिकवले, दुसरी कुठली! मग जरा वेळाने स्वतःहूनच सांगत होते की त्यांना एक खोड आहे, बाजारात गेलं की सगळं दोन दोन घेतात. दोन पेन्सिली, दोन रिबिनी. बायको चिडते. कशाला घेतो कोण जाणे, म्हणाले, आणि खिशातून दोन गोळ्या काढून एक मला दिली.

ती गोळी अजून पर्समध्ये आहे. खाववत नाही, टाकवतही नाही.

मी लिहिलं म्हणून झालं. माझ्या हाताने झालं.

संपादकबाईंकडे गेले. कालचा सारांश दुरुस्त करायचा आहे म्हटलं. एकदा पाठवलेला सारांश पुन्हा उघडत नाही, त्या म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, टाचण्या, दात, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, जागा बदलली की असं होतं, दुपारी जरा पडत जा. आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

तिला काय नावाने हाक मारायचे ते मला माहीत नाही. विचारलंच नव्हतं. इथे लिहिते: ती होती. आवरणारी ती होती.

गुरुवार, १२ सप्टेंबर

साडेअकरा. आसपास.

प्रश्न: सारांश लिहिणाऱ्या बाईंना बहिणी किती?

घंटा नर्सने वाजवली. आज पहिल्यांदा ती हसली नाही. तिला उत्तर माहीत नव्हतं, कुठून असणार, पण वेळ संपत होता. ती चाचरत म्हणाली, एकही नाही? सूत्रसंचालक म्हणाला, बरोबर.

बाहेर जिन्यात जाऊन ताईला फोन लावला. ती कपडे वाळत घालत होती. माझा आवाज ऐकून म्हणाली, घोट्याला काय लावलंस? मी म्हटलं, नुसती बोलत राहा. ती म्हणाली, वेडी आहेस का, चिमणीला शाळेतून आणायचंय. चिमणी म्हणजे माझी भाची. मी आत आले. एक वाजून चाळीस.

मग मी लिहिलं: नर्सचं उत्तर चूक. सारांश लिहिणाऱ्या बाईंना एक बहीण आहे. मोठी.

अकरा वर्षांत एकदाही खोटं छापू दिलं नाही मी. आज लिहिलं, आणि पाठवताना बोट थरथरलंसुद्धा नाही.

सातला घरमालकीणबाईंकडे बसले. तो प्रश्न आला. नर्स म्हणाली, एकही नाही? सूत्रसंचालकाने मान हलवली. चूक, म्हणाला. सकाळच्या फाईलमध्ये बरोबर म्हणाला होता तोच. नर्सने कॅमेऱ्याकडे बघितलं. सगळे बघतात तसं नाही. कोणीतरी ओळखीचं दिसावं आणि त्याने तोंड फिरवावं, तसं.

ताईला फोन केला. उचलला. ओरडली माझ्यावर, दिवसातून कितीदा! कधी नव्हे ते ओरडणं इतकं गोड लागलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

दोन खुर्च्या.

आजच्या भागात दोनच खुर्च्या आहेत. दोन घंटा. कात्रीवाले म्हणतात, दोनच असतात, नऊ वर्षं दोनच आहेत.

संग्रह उघडला. तीन तारखेपासूनचे माझेच सारांश. पिवळा स्वेटर नाही. नर्स नाही. जिथे जिथे तिचं नाव होतं तिथे वाक्यं नीट सांधलेली, एक काना इकडचा तिकडे नाही. मुद्रितशोधक म्हणून सांगते, इतकं स्वच्छ काम मी कधी बघितलं नव्हतं.

घरमालकीणबाईंना विचारलं, तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्यात ना त्या नर्ससाठी. त्या म्हणाल्या, कुठली नर्स?

तिच्या घरी कोणी होतं का? तीसुद्धा कोणाची तरी ताई असेल. दवाखान्यात तिच्या हाताखालून गेलेली माणसं—

मी चूक लिहिलं म्हणून. बरोबर लिहिलं तर ते खरं होतं. चूक लिहिलं तर उत्तर देणारा जातो.

सोमवार, १६ सप्टेंबर. बसमध्ये

पुन्हा तोच प्रश्न. बहिणी किती. या वेळी एक निवृत्त बसचालक, टक्कल, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. बायको प्रेक्षकांत बसलीय, त्याने तिला हात केला. मग म्हणाला, एकही नाही. बरोबर.

त्याला चूक लिहायला बोट पुढे गेलं. गेलं होतं. बायकोचा चेहरा आठवला आणि मागे घेतलं.

काहीच लिहिलं नाही. पर्स उचलली, सव्वाबाराला निघाले. पावणेएकची बस मिळाली. ताईकडे पोचायला चार तास. लिहिणारंच कोणी नसेल तर काय होणार आहे? काही होणार नाही. संपादकबाईंचे सहा फोन येऊन गेले. घेतले नाहीत.

पावणेदोन. ताईला फोन लावलाय, बोलता बोलता लिहितेय. ती म्हणतेय, नोकरी सोडून आलीस तरी चालेल, आई खूश होईल, वरची खोली रिकामीच आहे. मी हो हो म्हणतेय. ती म्हणतेय, येताना

त्याच दिवशी. बसस्टँडवर

बरोबर दोन वाजता. तिचं वाक्य अर्धं राहिलं. आवाज तुटला नाही, तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली,

“हॅलो? कोण बोलतंय?”

मी म्हटलं, “ताई, मी.”

“कोणाला फोन लावलाय आपण?”

आपण, म्हणाली. मला.

तरी गेले. पाच वाजता दार वाजवलं. तिनेच उघडलं. तिच्या हनुवटीवर तो व्रण, मी सहा वर्षांची असताना तिला झोपाळ्यावरून ढकललं होतं त्याचा. मागे आई खुर्चीत बसली होती, मटार सोलत. तिने चष्म्यावरून बघितलं. पाहुण्यांकडे बघतात तसं.

ताई म्हणाली, “वाहिनीकडून आलात का?”

मी मान खाली घातली. तिला ते होकारासारखं वाटलं. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं. प्रश्नमंजूषेत निवड झाली म्हणून सकाळीच फोन आला होता. उद्या चित्रीकरण आहे. तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. किती वर्षांची हौस हो माझी, म्हणाली. मी म्हटलं, जाऊ नका. का म्हणून विचारलं तिने. मी म्हटलं, तिथे चांगलं नाही. तिचा चेहरा बदलला. ती आईकडे बघायला लागली.

मी तिला हनुवटीच्या व्रणाचं विचारलं. शेवटचं म्हणून. ती म्हणाली, लहानपणी झोपाळ्यावरून पडले. कोणी ढकललं, मी विचारलं.

“कोण ढकलणार? एकटीच तर होते मी.”

चिमणी आतून आली, आईच्या खुर्चीमागे लपून माझ्याकडे बघत राहिली. ताईने मला दारापर्यंत सोडलं. घाईने. कडी लावल्याचा आवाज आला.

बुधवार, १८ सप्टेंबर

ऑफिसात आले. कोणी रागावलं नाही. संपादकबाई म्हणाल्या, तुम्ही नव्हता म्हणून परवाचा आणि कालचा मीच लिहिला. सहज म्हणाल्या. आता कळलं. मी लिहिलं नाही तर त्या लिहितात. पडद्यावर घडलं तेच.

आजच्या भागात ताई नाही. आसपासची फेरीही नाही. उद्या असेल.

कात्रीवाल्यांना म्हटलं, उद्याच्या भागातला एक प्रश्न कापा. ते म्हणाले, मी जाहिरातींपुरता कापतो हो, मजकुराला हात लावला तर फाईल उघडतच नाही. वाईट वाटलं त्यांना. खिशातून गोळ्या काढल्या. दोन.

ताईला फोन केले. तिसऱ्या फोनला भावजींनी उचलला. पोलिसांत देईन, म्हणाले.

गुरुवार, १९ सप्टेंबर

दहा पाच. ताई. डावीकडची खुर्ची. केस नीट विंचरलेले. घंटेवर हात असा ठेवलाय की कोणी पळवून नेईल.

काय खेळतेय ती! सूत्रसंचालकाचा प्रश्न संपायच्या आत. आई शेजारी असती तर गप्प बस म्हणाली असती. मी इथे एकटी बसून रडतेय आणि हसतेय, कात्रीवाले बघतायत.

अकरा. आसपास.

प्रश्न: या कार्यक्रमाचा सारांश किती जण लिहितात?

ताई थांबली. पहिल्यांदाच. खूप वेळ. ओठ हलले. मग, एकही नाही.

बरोबर.

साडेअकरा. सरळ आहे. चूक लिहिलं तर मी राहते, ताई जाते. खुर्ची जाते. चिमणी जाते, तिच्याशिवाय चिमणी कुठली. आई एकटी मटार सोलत— बरोबर लिहिलं तर—

बारा. संपादकबाईंना विचारलं, मी नसले तर हे काम कोण करेल. त्या म्हणाल्या, काम होतंच.

बारा चाळीस. दोनदा ‘चू’ टंकलं. दोनदा पुसलं. नर्सच्या वेळी बोट थरथरलं नव्हतं. आज माझ्याच जिवाचा प्रश्न आहे तर—

ती मला ओळखत नाही. रस्त्यात दिसले तर दुसऱ्या बाजूने जाईल. तिच्यासाठी मी—

नाही. असं नाही. मी ओळखते ना तिला.

एक वीस. न लिहिता बसून राहिले तर संपादकबाई लिहितील, तेच होईल. पण दोनपर्यंत पान कोरं ठेवलं तर माझं बोट पुन्हा त्या ‘चू’वर जाईल. मला माझी खात्री नाही. मीच लिहिते. आत्ता.

एक चाळीस. लिहिला. आठशे शब्द. ताईचं सगळं नीट लिहिलं, कशी खेळली, कशी घंटा दाबली, केवढ्या गुणांनी पुढे आहे. संग्रहात राहील. शेवटी: उत्तर, एकही नाही. बरोबर.

ही वही टेबलाच्या खणात ठेवणार. वहीत बदलत नाही. कोणाला सापडली तर— मधमाशीला पाच. पायऱ्या छप्पन्न. कात्रीवाल्यांना दोन मुली. एक नर्स होती, पिवळा स्वेटर. माझ्या ताईला एक बहीण—

पाठवलं.

अजून आहे मी. खिडकी आहे. हात आहे, पेन आहे. कात्रीवाल्यांनी खिशातून गोळ्या काढल्या, माझ्याकडे हात केला, आणि मधेच थांबले. हात तसाच. कोणाला देत होतो, असं तोंड करून—

संपादकबाई दारात आल्यात. बघतायत. माझ्याकडे नाही, टेबलाकडे. विचारतायत, हे टेबल इथे कशाला अडवून ठेवलंय, इथे तर कधी कोणी